पाइपावरच्या गाठी

त्या हंगामात मीठ धरलं उशिरा आणि पाइप मात्र वेळेआधीच फुटायला लागला. खाडीतलं खारं पाणी पंपानं उचलायचं, पाइपातून बांधाबांधानं वाफ्यांपर्यंत आणायचं, उन्हात आटवायचं, की तळाशी मीठ. सांगायला एवढंच. पण पाइपाच्या दर सांध्यातून पाणी पिचकारी मारत होतं आणि मुकादम म्हणत होता, "नवा पाइप पुढच्या हंगामाला." म्हणायला काय जातंय त्याच्या बापाचं!

पंप होता शेजारच्या घराकडे. शेजारचं घर म्हणजे त्यांच्या आणि माझ्या खोलीत एकच पत्रा. त्यांच्याकडे कोणी शिंकलं तर इकडे माझी झोप मोडायची. घरात म्हातारा, म्हातारी, पंप चालवणारा त्यांचा एकुलता एक मुलगा आणि सून. सून मला मावशी म्हणायची. नातं काही नाही, पण माझ्या वाफ्यावर ती माझ्याआधी पोचायची आणि वर म्हणायची, "मावशी, तुमचं वय झालं, आता नुसतं तोंड चालवा." मी म्हणायची, "ते चालतंच आहे गं, त्याला पंप लागत नाही."

एकदा मिठाच्या ढिगाआड ती पाठ करून काहीतरी गिळताना दिसली. मी म्हटलं, "काय गं, एकटीच खातेस?" ती दचकली. तेव्हा तिला सातवा महिना होता. खाली बसली आणि तिनं मला सगळं सांगून टाकलं. पोटुशी असताना दवाखान्यात रक्त तपासलं, त्यात एचआयव्ही निघाला. नवऱ्याचं तपासलं, त्याच्यातही निघाला. लग्नाआधी तो बरीच वर्षं ट्रकवर होता. तिथूनच घेऊन आला असणार, पण त्याला स्वतःलाही पत्ता नव्हता. दोघं रोज गोळी घेत होते आणि घरात कोणालाच बोलले नव्हते.

"गोळी चुकवली नाही तर बाळाला होत नाही म्हणतात, मावशी," ती म्हणाली. "सिस्टर म्हणाली, पुष्कळ बायकांची मुलं चांगली निघालीत."

माझं तोंड म्हणजे फुटका पाइप, हे आमच्या खोल्यांच्या सगळ्या रांगेला ठाऊक. पण एवढं एक मी गळू दिलं नाही.

बाळंतपणाला मी सोबत होते. मुलगी झाली. एवढीशी, मुठी आवळलेली, सगळ्या जगावर चिडलेली. म्हाताऱ्यानं बघितल्या बघितल्या तिला चिमी म्हटलं आणि तेच राहिलं. सिस्टर खाटेशी आली. सिस्टर बुटकी, बोलायला कडक, पण हाताला मऊ. तिनं बाळाच्या तोंडात औषधाचे थेंब घातले आणि हळू आवाजात सुनेला म्हणाली, "दीड वर्षानं हिची शेवटची तपासणी. तोवर तुझ्या गोळ्या नेमानं, हिला दूध तुझंच. आणि तुझं अंग भरून येऊ दे. दुसरं मूल हवं की नको ते तू ठरव. हवं असलं तरी दोन-तीन वर्षं थांब. म्हणत असशील तर तांबी आत्ताच बसवून देते. नको झाली की काढता येते."

सून लगेच म्हणाली, "बसवा."

तेवढ्यात म्हातारी दारात. "कसली तांबी? पहिली मुलगी आहे. अजून पाळणा नीट हलला नाही तोच कुलूप लावता?"

"आजी, हिच्या तब्येतीसाठी आहे," सिस्टर म्हणाली.

"तब्येतीला काय धाड भरलीय? मी पाच बाळंतपणं केली, चौथ्या दिवशी पाटी उचलली."

त्या पाचातला एकच वाचला, हे ती बोलली नाही. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. सुनेनं त्याच्याकडे बघितलं. तो बोलला असता तर त्या घरात त्याचं ऐकलं असतं. पण बोलायचं म्हणजे का ते सांगायचं, आणि ते सांगायला त्याची जीभ उचलेना. त्यानं खाली बघितलं. मग सुनेनंही मान खाली घातली. सिस्टर म्हणाली, "बरं. सहा आठवड्यांनी बाळाला घेऊन ये, तेव्हा बसवू." मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती. अजून वाटते.

सहा आठवडे झाले ते नेमके मीठ खरवडायच्या घाईत. सगळ्या वाफ्यांत पांढरी साय धरली होती. फळीनं ओढायचं, बांधावर ढीग घालायचा, पाण्यात उभं राहून पायांच्या भेगांत मीठ जातं ते सोसायचं. सून चिमीला फडक्यात बांधून बांधावर निजवायची, वर ताडपत्रीची सावली करायची, आणि दूध पाजायला ओले हात पुसत पळायची. पाजण्याआधी छाती गोड्या पाण्यानं धुवायची, म्हणजे पोरीला खारट लागू नये.

ती सासूला म्हणाली, "आई, चिमीला दवाखान्यात दाखवायची तारीख आहे."

"पोरगी टणटणीत आहे. औषधच आणायचं ना? त्याला पाठव, सायकलीनं तासात येईल. तू गेलीस तर फळी कोण ओढणार, तुझा बाप?"

मुलगा गेला. सुनेनं त्याला रात्रीच बजावून ठेवलं होतं, तांबी नाही तर निदान निरोध आण. आणले त्यानं, एक पिशवीभर. घरात सासूचा हात पोचणार नाही अशी एक जागा नव्हती, म्हणून पंपाच्या खोलीत जुन्या ग्रीसच्या डब्यात ठेवले.

आणि तिथे पोचला म्हातारा.

म्हाताऱ्याची एक गोष्ट सांगायला हवी. माणूस गायीसारखा गरीब, डोळ्यांनी अधू, आणि त्या पाइपावर त्याचा जीव. दिवसभर चिंध्या, दोरी आणि सुतळी घेऊन पाइपाच्या काठाकाठानं फिरायचा. एक सांधा बांधला की पुढचा फुटायचा. त्या दिवशी तो डबा घेऊन बांधावर आला आणि माझ्यापुढे पुडी धरली. "बघ गं, पोरानं माझ्यासाठी काय आणलंय! बोलला नाही एका शब्दानं. असाच आहे तो, मनातलं मनात ठेवतो."

म्हाताऱ्यानं पुडी फाडली, रबर उलगडलं, ताणलं, टोक दातांनी तोडलं आणि गळक्या सांध्यावर चढवलं. वरून चिंधी, वरून सुतळी, करकचून गाठ. पाणी थांबलं. खरंच थांबलं हो! "काय माप आहे! आणि तेलही लावूनच येतंय," म्हातारा म्हणाला. त्याच्या तोंडावरचा आनंद बघून मला काही बोलवेना.

संध्याकाळपर्यंत सगळे सांधे कोरडे. मुकादमानं येऊन बघितलं आणि फिदीफिदी हसत सुटला. रांगेतल्या सगळ्या तरण्या पोरांना कळलं. म्हाताऱ्याला रबरशेठ नाव पडलं. "काय रबरशेठ, आम्हालाही द्या की एखादं, आमचाही पाइप गळतोय!" म्हाताऱ्याला वाटायचं, कौतुक चाललंय. तो म्हणायचा, "देतो की! पोराला सांगतो, अजून आण." पोरं हसून लोळायची आणि हा त्यांच्याबरोबर हसायचा. त्याचा मुलगा इंजिनामागे तोंड लपवून उभा.

सून माझ्याकडे आली. आधी पोट धरून हसली, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते पाणी थांबेना. "मावशी, माझी तीन महिन्यांची निश्चिंती त्या पाइपाला बांधलीय त्यांनी."

"मग सांग की सासऱ्याला, बाबा, ते पाइपाचं नाही, आमचं आहे!"

"आणि आई विचारतील, एका पोरीवर हे कशाला? मग काय सांगू? एक सांगितलं की दुसरं निघेल."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

रबराला ऊन आणि खारं पाणी सोसत नाही. आठवडाभरात चरचरून फाटायचं, मग म्हातारा नवं चढवायचा. डबा संपला. सुनेनं नवऱ्याला पुन्हा पाठवलं. त्यानं आणलेले या वेळी हत्यारांच्या पेटीत तळाशी दडवले. म्हाताऱ्यानं पाना शोधता शोधता तेही काढले आणि रांगभर सांगत सुटला, "सांगायचीही गरज पडली नाही, बघा! आपणहून आणलं!" त्यानंतर मुलगा गेलाच नाही. लाज वाटते म्हणाला. आणि रांगेतल्या सगळ्या बायका सांगत होत्याच, अंगावर पाजतेय तोवर काही होत नसतं.

"मी त्याला नाही म्हणते," सून मला एकदा म्हणाली. "पण मावशी, पत्र्याच्या एका खोलीत, मध्ये एक पडदा. भांडले तर पलीकडे ऐकू जातं. मग गप्प बसते."

मला पत्र्याआडून तिचं ते गप्प बसणंही ऐकू यायचं.

तिनं दोनदा विचारलं दवाखान्यात जाऊ का. एकदा मुकादमाचे ट्रक भरायला आले होते. एकदा म्हातारी तापानं पडली. दर वेळी काहीतरी खरंच असायचं, हेच वाईट. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

चिमी बसायला लागली. मिठाचे खडे उचलून तोंडात घालायची आणि असं काही तोंड करायची की सगळा बांध हसायचा. सून मात्र ओढल्यासारखी दिसायला लागली. चालताना धाप, डोळ्यांखाली काळं. पाळी आली नव्हतीच, पण ती पाजतेय म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. मग एका सकाळी तिला इंजिनाच्या धुराच्या वासानं ओकारी झाली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि आम्हा दोघींना कळलं.

या वेळी मी म्हातारीला म्हटलं, "मी नेते तिला. माझे गुडघेही दाखवायचे आहेत. मला अडवून दाखव." म्हातारीनं अडवलं नाही. दिवस गेलेत हे कळल्यावर उलट खूश होती. "आता मुलगा होईल," म्हणाली.

सिस्टरनं सुनेच्या डोळ्यांची पापणी खाली ओढली आणि सिस्टरचाच चेहरा उतरला. "रक्तच नाही गं अंगात. मी सहा आठवड्यांनी ये म्हटलं होतं."

"यायचं होतं," सून म्हणाली.

सिस्टर रागावली नाही. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "ऐक. ठेवायचं असेल तर ठेव, गोळ्या चालूच आहेत, आम्ही सांभाळू. नको असेल तर मोठ्या दवाखान्यात मोकळं करता येतं, अजून वेळ आहे. तिथेच लगेच तांबी बसवतील. तू म्हणशील तसं. मी तुला कशालाही ढकलणार नाही. पण काहीही ठरव, तोवर पाटी उचलू नकोस."

सून कितीतरी वेळ चिमीच्या पायाशी खेळत बसली. मग म्हणाली, "मला हे मूल नकोसं झालंय असं नाही, सिस्टर. पण ही आहे ना. हिची तपासणी होईपर्यंत, ही शाळेत जाईपर्यंत मला उभं राहायचंय. दोन्ही नाही व्हायचं माझ्याच्यानं."

सोमवार ठरला. परतताना तिनं मला हात धरून थांबवलं आणि म्हणाली, "मी वाईट आई आहे का हो?" मी म्हटलं, "बावळट आहेस, वाईट नाहीस." रस्त्यात दोघी रडलो आणि घराजवळ आल्यावर तोंडं पुसली.

नवऱ्याला तिनं सांगितलं. त्या माणसानं पहिल्यांदा मान वर केली. "मी येतो बरोबर. आईला तपासणी आहे म्हणून सांगतो," म्हणाला. आणि सांगितलंही.

रविवारी सकाळपासून आभाळ भरून आलं. अवेळी ढग म्हणजे आमच्या जिवाला घोर. उघड्यावर पडलेलं मीठ एका सरीत पाणी होतं. आख्खी रांग वाफ्यांत उतरली. म्हातारे, पोरं, आजारी, सगळे. म्हातारीसुद्धा पाटी घेऊन निघाली. सुनेला म्हणाली, "तू हलक्या पाट्या घे. आज ढीग झाकून झाला की उद्या खुशाल जा तुझ्या तपासणीला."

मी तिला म्हटलं, "तू घरी जा. सिस्टर काय म्हणाली?"

"मावशी, आज मीठ गेलं तर उद्या कोण सोडेल मला?" ती म्हणाली आणि फळी उचलली. "आजचा एक दिवस."

हलक्या पाट्या तिनं घेतल्याच नाहीत. काम लवकर उरकावं म्हणून भरून भरून घेत होती. डोक्यावरून खारं पाणी गळून तिचे डोळे लाल झाले होते. मी ओरडत होते, ती हसत होती. मग दुपारी बांधावर चढताना तिनं पाटी हळूच खाली ठेवली, कोणाला त्रास होऊ नये अशी, आणि बसली. मी पोचले तेव्हा तिच्याखालचं मीठ लाल झालं होतं. आणि ते थांबत नव्हतं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तिला निजवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर, नवरा पाय उंच धरून बसलेला. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. मी तिच्या अंगाखाली दिसेल ते फडकं कोंबत होते. ती म्हणाली, "मावशी, सिस्टरला सांगा, मी उद्या येणारच होते." थोड्या वेळानं म्हणाली, "चिमीची तपासणी चुकवू नका." मी म्हटलं, "तूच ने तिला, मी कशाला नेऊ?" तिनं उत्तर दिलं नाही. दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं होतं.

पाऊस पडलाच नाही. चार थेंब आले आणि ढग निघून गेले. मीठ सगळं वाचलं.

सून गेल्यावर काही दिवस पंप बंद होता. मग मुकादम दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मुलानं इंजिन चालू केलं. पाइप लागला गळायला. म्हातारा सवयीनं उठला, पंपाच्या खोलीत गेला आणि डबा हलवून बघितला. मी बाहेर फळी धूत होते.

"अरे, रबर संपलं रे," म्हातारा म्हणाला. "अजून मिळेल का तू आणलंस तिथून?"

मुलानं इंजिन बंद केलं. "बाबा, ते पाइपाचं नव्हतं."

"मग कशाचं?"

"तिचं होतं! तिला दिवस राहू नयेत म्हणून होतं!" तो किंचाळला, असा की वाफ्यांतली माणसं उभी राहिली. जमिनीवर बसून त्यानं बापाला सगळं सांगितलं. ट्रक, रक्त, गोळ्या, तांबी, आपण भिंतीला टेकून कसे उभे राहिलो ते. "तुम्हाला कसं ठाऊक असणार? मला होतं. मी बोललो नाही. मी लाजलो, बाबा!"

म्हातारा डबा हातात धरून उभा होता. त्यानं डबा खाली ठेवला, जागच्या जागी. मग बाहेर आला. पाइपाच्या पहिल्या सांध्याशी बसला आणि गाठ सोडायला लागला. खाऱ्या पाण्यानं सुतळी दगड झाली होती. नखांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. चिंधी काढली, आतलं रबर काढलं, पुसलं, गुडघ्यावर ठेवलेल्या पंच्यात टाकलं आणि पुढच्या सांध्याकडे सरकला. एकही तरणा पोर हसला नाही. रबरशेठ हे नाव त्या दिवसापासून कोणी उच्चारलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळा पाइप त्यानं उघडा केला आणि मुकादमानं एवढा आरडाओरडा केला तरी पुन्हा कधी त्याला हात लावला नाही.

म्हातारीला कळलं तेव्हा ती दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली. तिसऱ्या दिवशी उठून तिनं चिमीची वाटी वेगळी ठेवली. वाईट म्हणून नाही, भ्यालेली होती. म्हाताऱ्यानं बघितलं. त्याच वाटीतलं चिमीचं उरलेलं दूध तोंडाला लावून प्यायला आणि वाटी सगळ्यांच्या भांड्यांत ठेवली. म्हातारीनं पुन्हा ती वेगळी केली नाही. हल्ली ती चिमीला कुशीत घेऊन निजते आणि झोपेत सुनेला हाका मारते. मला पत्र्याआडून ऐकू येतं.

दीड वर्षाच्या तपासणीला चिमीला म्हाताऱ्यानं खांद्यावर नेलं. मुलगा बरोबर होता, मी होते. चिमी वाटभर आजोबाचे कान ओढत होती. रक्त घेताना तिनं दवाखाना डोक्यावर घेतला. बऱ्याच वेळानं सिस्टर बाहेर आली, आणि तिच्या चालण्यावरूनच मला कळलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तुमची पोर अगदी चांगली आहे."

बाप भिंतीला टेकला आणि तिथेच खाली बसला. मी चिमीचे मुके घेत सुटले. घ्यायला हवे होते जिनं, ती नव्हती.

म्हाताऱ्यानं मात्र काखेतलं गाठोडं काढलं. धुऊन घडी केलेला पंचा, त्याला गाठ. ते त्यानं सिस्टरच्या टेबलावर दोन्ही हातांनी ठेवलं.

"हे काय, बाबा?"

"आमच्या सूनबाईचं सामान आहे," म्हातारा म्हणाला. "तुम्ही तिला दिलं होतं. माझ्या हातून भलतीकडेच खर्चलं गेलं. पुष्कळसं फाटलं. जेवढं सापडलं तेवढं धुऊन आणलंय."

सिस्टरनं गाठ सोडली. आत चरचरलेलं, पिवळं पडलेलं रबर, एकावर एक नीट रचलेलं. तिनं म्हाताऱ्याकडे बघितलं.

"परत घ्याल ना?" म्हाताऱ्यानं विचारलं.

तिनं पंचा पुन्हा बांधला आणि टेबलाच्या खणात ठेवला. "घेतलं, बाबा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान हलवली. चिमीला उचलून खांद्यावर घेतलं आणि दाराकडे निघाला.